साबण मुरेपर्यंत

उन्हाळी सुट्या लागल्या की यवतमाळसारख्या गावातही आता शिबिरांच्या पाट्या झळकू लागतात. पोहणं, हस्ताक्षर, वैदिक गणित, कागदाची फुलं आणि अलीकडे त्यांच्या जोडीला ‘साबण बनवा’. दोन तासांचा वर्ग. बाजारातून साबणाचा तयार ठोकळा आणायचा, त्याचे तुकडे करून गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवायचे, रंगाचे दोन थेंब, सुगंधाचे चार थेंब टाकायचे आणि साच्यात ओतायचं. तासाभरात अस्वल, फुलपाखरू, बदाम तयार. मुलं खूश, त्यांना घ्यायला आलेल्या आयाही खूश. घरी आल्यावर ते फुलपाखरू कुणी अंगाला लावत नाही, शोकेसमध्ये ठेवतात. चार दिवसांनी त्यावर धूळ बसते.

यात वाईट काही नाही. दुपारच्या उन्हात मुलं टीव्हीपासून आणि मोबाइलपासून दोन तास दूर राहिली, एवढंही पुष्कळ झालं. पण याला साबण बनवणं म्हणता येत नाही. भजी शिकवतो म्हणून बोलवावं आणि हॉटेलातली गार भजी परतून हातात द्यावीत, तसा हा प्रकार आहे. साबण बनतो तो तेल आणि तीव्र क्षार एकमेकांना भिडतात तेव्हा. नेमकी तीच पायरी या वर्गातून वगळलेली असते आणि वगळण्याचं कारणही खरं आहे. तो क्षार म्हणजे कॉस्टिक सोडा. कातडीवर पडला तर भाजतो, डोळ्यात गेला तर दृष्टी नेतो. लहान मुलांच्या हाती तो कोण देईल?

या प्रश्नावर मी इतका विचार केला नसता. पण केळापूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाळेचे शिक्षक माझ्या परिचयाचे. गेल्या हिवाळ्यात त्यांनी फोन केला. “सर, सातवी-आठवीच्या मुलांना साबण शिकवतोय. साबणाचं मी बघतो, तुम्ही येऊन हिशेब शिकवा.” बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला याहून चांगलं आमंत्रण कोणतं? गेलो, आणि एकदा म्हणून गेलो तो सहा वेळा गेलो.

मुलांना गुरुजींनी पहिल्या दिवशी सोडाही दाखवला नाही आणि तेलही. त्यांनी एवढंच विचारलं की, साबण नव्हता तेव्हा आपल्याकडे काय वापरत होते, ते घरी म्हाताऱ्या माणसांना विचारून या. दुसऱ्या दिवशी उत्तरांचा ढीग पडला. राख तर सगळ्यांनीच सांगितली. आपल्या भागात चुलीत पऱ्हाटी आणि तुराट्या जळतात. त्यांची राख पाण्यात भिजवून वरचं निवळ पाणी घ्यायचं आणि त्यात कपडे उकळायचे. रिठे, शिकेकाई आली. एका मुलानं हिंगणबेट आणलं. हिंगणाच्या काटेरी झाडाच्या या फळाचा गर पाण्यात चोळला की फेस येतो. एका कोलाम मुलीची आजी तर स्वतःच शाळेत आली. मोहाच्या बियांचं तेल दिव्यात जाळायचं, हिवाळ्यात भेगाळलेल्या टाचांना लावायचं, हे तिनं हातवारे करून सांगितलं. या बियांना कुठे टोळी म्हणतात, कुठे टोरी, कुठे टोळंबी. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात नाव बदलतं.

वऱ्हाडाला साबण नवा नाही, हे मुलांना सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. अबुल फजलनं सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐने अकबरी’ लिहिली, तिच्यात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचं सरोवर आहे आणि तिथे काच व साबण करायला लागणारा माल मिळतो अशी नोंद आहे. लोणारच्या खाऱ्या पाण्यातून निघणाऱ्या क्षारांना डल्ला, पापडी, भुसकी अशी वेगवेगळी नावं होती. हा क्षार म्हणजे प्रामुख्यानं सोडा. तो आणि चुना पाण्यात एकत्र उकळले की चुना खडू होऊन तळाशी बसतो आणि वर उरतो तो कॉस्टिक सोडा. कारखान्यात विजेच्या साहाय्यानं मिठाच्या पाण्यापासून सोडा तयार होऊ लागला, त्याआधी जगभर याच रीतीनं होत असे. आणि चुनखडी तर आपल्याच वणी भागात जमिनीखाली पडलेली आहे. म्हणजे तेल जंगलात, क्षार लोणारात, चुना वणीत. साबण मात्र मुंबईहून यायचा!

तसा तो आपल्या शेजारी आला होता, हेही सांगायला हवं. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला, त्याचं ठाणं वर्ध्याच्या मगनवाडीत होतं. जमनालाल बजाजांनी दिलेल्या त्या जागेत कुमारप्पांच्या देखरेखीखाली तेलघाणी, हातकागद, मधमाशा आणि साबण यांचे प्रयोग चालत. पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यालाच ती प्रसिद्ध शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीचा अहवाल त्याच वर्षी आला. मुलांना सात वर्षं मातृभाषेतून, एखाद्या हस्तोद्योगाच्या आधारानं शिकवावं, ही नयी तालीमची कल्पना त्यातली. समितीनं जे उद्योग सुचवले त्यांत सूतकताई, सुतारकाम, शेती, चामड्याचं काम होतं. साबणाचं नाव नव्हतं. स्थानिक परिस्थितीला जुळणारा दुसरा कोणताही उद्योग घ्यावा, अशी मोकळीक मात्र होती.

त्या परिषदेतला खरा वाद पैशांचा होता. मुलांनी केलेल्या वस्तू विकून शाळेचा खर्च निघावा असं गांधीजींना वाटत होतं. अर्थतज्ज्ञ के. टी. शहांचा त्याला विरोध होता. शाळेचा माल बाजारात आला की तिथल्या कारागिराच्या पोटावर पाय येईल, असं त्यांचं म्हणणं. आणि खुद्द झाकीर हुसेन समितीनंही बजावून ठेवलं होतं की कमाईच्या नादात शिकणं मागे पडण्याचा धोका आहे. या वादाचा निकाल लागला नाही. योजना विरत गेली. मग कोठारी आयोगानं १९६४ ते ६६ या काळात ‘कार्यानुभव’ आणला, १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीनं ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ आणलं. आजच्या चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांना आठवत असेल, शाळेच्या प्रदर्शनात फिनाइलच्या बाटल्या, खडू, मेणबत्त्या आणि कपड्यांचा साबण मांडलेला असे आणि पालकच तो विकत घेऊन जात. आता २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांसाठी वर्षातले दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे. गावच्या कारागिराकडे बसावं, हातानं काही करावं. हेतू चांगलाच आहे. दहा दिवसांत काय होतं, हा प्रश्न उरतो. कारण नुसता साबण मुरायलाच चार आठवडे लागतात.

गुरुजींनी कॉस्टिक सोड्याचा प्रश्न सोडवला तो मला पटला. वर्गाच्या ओट्यावर त्यांनी चुन्याची रेघ ओढली. रेघेच्या पलीकडे ते एकटे. चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. अलीकडे मुलं, पण नुसती बघत बसलेली नाहीत. वजन करण्याचं गणित मुलांचं, थर्मामीटर वाचण्याचं काम मुलांचं, वहीत नोंद मुलांची. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही, हे वाक्य त्यांनी मुलांकडून इतक्या वेळा म्हणून घेतलं की एक पोरगा ते पाढ्याच्या चालीत म्हणू लागला. सोडा पाण्यात पडला आणि खाली चूल नसताना पाणी उकळायच्या बेतात आलं, तेव्हा सगळा वर्ग चिडीचूप झाला. थर्मामीटरचा पारा ८० च्या पुढे गेला होता.

मग त्यांनी जर्मनच्या गंजाचा एक जुना तुकडा त्या पाण्यात सोडला. तो तुकडा लागला फसफसायला. आपल्याकडे घरोघरी जर्मनची भांडी असतात. त्यांत हे मिश्रण केलं तर भांडं खाल्लं जातं आणि पेट घेणारा वायू निघतो. म्हणून स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचंच भांडं घ्यायचं. मुलांनी ते जेवढं लक्ष देऊन पाहिलं तेवढं फळ्यावर लिहिलेलं कधी पाहिलं असेल असं वाटत नाही. अंगावर थेंब उडाला तर काय करायचं, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं. भरपूर वाहतं पाणी, निदान पंधरा-वीस मिनिटं, आणि लगेच डॉक्टर. लिंबू, व्हिनेगर चोळण्याचे जे उपाय लोक सांगतात ते करायचे नाहीत. आंबट आणि क्षार भेटले की आणखी उष्णता निघते.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त आवडलं ते तेलांचं गणित. प्रत्येक तेलाची सोड्याची भूक वेगळी असते. शंभर ग्रॅम खोबरेलाला साधारण १८ ग्रॅम सोडा लागतो, तर मोहाच्या तेलाला १३ ते १४. म्हणजे खोबरेलाचं माप डोळे झाकून मोहाच्या तेलाला लावलं तर शंभर ग्रॅममागे चार-पाच ग्रॅम सोडा न वापरलेला राहणार आणि तो साबण अंग सोलवटून काढणार. बरोबर माप घेतलं, तर मघाशी धातू खाणारा तो सोडा पूर्ण नाहीसा होतो. सोडाही राहत नाही आणि तेलही. उरतो तो साबण आणि त्यातच मिसळलेलं ग्लिसरीन. मिशेल शेव्रल या फ्रेंच शास्त्रज्ञानं तेला-तुपाची ही घडण १८२३ साली ग्रंथरूपानं मांडली. त्याआधी हजारो वर्षं लोक साबण करत होते, पण आत काय घडतं ते कुणाला ठाऊक नव्हतं.

वर्गात ठरलं ते असं: मोहाचं तेल ५०० ग्रॅम, सरकीचं ३००, खोबरेल २००. मोहानं वडी टणक होते पण फेस बेताचा, म्हणून खोबरेल. सरकी यासाठी की कापसाच्या जिल्ह्यात सरकीचं तेल नको म्हणायला कारण काय! मुलांनी प्रत्येकाचा सोडा वेगळा काढला, बेरीज १४५ ग्रॅमच्या आसपास आली. त्यातून गुरुजींनी पाच टक्के कमी करायला लावले. थोडं तेल शिल्लक राहिलेलं चालतं, सोडा शिल्लक राहिलेला चालत नाही. म्हणजे १३८ ग्रॅम. पाणी ३००. दशांश चिन्हाची भीती बाळगणारी मुलं इथे दशांश चिन्ह कुठे द्यायचं यावरून भांडत होती. चूक झाली तर काय होईल ते त्यांनी जर्मनच्या तुकड्यावर पाहिलं होतं.

जानेवारीची थंडी. मोहाचं तेल डब्यात तुपासारखं थिजलेलं होतं, ते उन्हात आणि मग गरम पाण्यात ठेवून पातळ करावं लागलं. सोड्याचं पाणी निवल्यावर गुरुजींनी ते तेलात ओतलं आणि घोटायला सुरुवात केली. मिश्रण कढीसारखं झालं, मग श्रीखंडाच्या चक्क्यासारखं. लाकडी खोक्यात कागद घालून ओतलं, गोणपाटानं झाकलं. दुसऱ्या दिवशी मोजे घालून गुरुजींनीच चौदा वड्या कापल्या. पांढऱ्या नव्हेत, मळकट पिवळ्या, आणि वासाला उग्र. मुलांचे चेहरे उतरले. “सर, हे तं गुळाच्या भेलीवानी दिसते,” एक जण म्हणाला. त्यावर गुरुजींनी आणखी वाईट बातमी दिली की हा साबण अजून चार आठवडे कुणी वापरायचा नाही. फळीवर वाळू द्यायचा, मुरू द्यायचा.

भांडी घासायची वेळ आली तेव्हा मुली सवयीनं उठल्या. गुरुजींनी त्यांना बसायला सांगितलं आणि मुलांना मोजे दिले. मुलं जरा चुळबुळली, पण घासली. साबण कुणीही करो, तो घेऊन नळाशी बसायचं कुणी, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. घरात बाईनं आणि गावात परिटानं. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात परिटाच्या घरी जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावंच्या गावं झाडली. त्यांच्या नावाच्या स्वच्छता अभियानात आपण भाग घेतो आणि घरी ताट तसंच ठेवून उठतो. असो.

मुरण्याच्या त्या महिन्यात वर्ग थांबला नाही. मुलांनी घरातल्या साबणांची वेष्टनं आणली. आपण कधी वाचत नाही, पण त्यावर टी.एफ.एम. असा आकडा असतो. वडीत साबण म्हणावा असा स्निग्ध अंश किती टक्के, ते तो सांगतो. अंघोळीच्या साबणाच्या पहिल्या प्रतीला निदान ७६ टक्के लागतो, दुसऱ्या प्रतीला ७०, तिसरीला ६०. आणि काही वेष्टनांवर साबण हा शब्दच नसतो, ‘बेदिंग बार’ असतं. तिथे आकडा आणखी खाली गेलेला चालतो. वाचकांनी आज अंघोळीपूर्वी आपल्या घरचं वेष्टन जरूर पाहावं. दुसरा प्रयोग पाण्याचा. बोअरच्या पाण्यात आणि शाळेत साठवलेल्या पावसाच्या पाण्यात साबणाचा सारखा चुरा टाकून बाटल्या हलवल्या. पावसाच्या पाण्याला गळ्यापर्यंत फेस, बोअरच्या पाण्यावर दह्यासारखी साय. पाण्यातला चुना साबण खाऊन टाकतो. एका मुलीनं विचारलं, मग आमच्या घरी साबण लवकर संपतो तो यानंच का? हो, यानंच.

याच सुमारास एक पालक शाळेत आले. कापूस मोडून आलेले, घाईत होते. “गुरुजी, पोरगं साबन कराले शिकून काय करन? थ्याले इंग्रजी शिकवा ना.” १९३७ पासून नयी तालीमला जो आक्षेप घेतला गेला तो हाच, आणि तो खोटा नाही. शहरातल्या मुलांना संगणक आणि खेड्यातल्यांना साबण, अशी वाटणी होणार असेल तर त्या बापाचा संशय रास्तच आहे. शहरात हाच वर्ग छंद म्हणून फी भरून होतो, खेड्यात तो झाला की पोराला कारागीर करायला निघाले असं वाटतं. गुरुजींनी वाद घातला नाही. मुलाला बोलावून तेलाचा आणि सोड्याचा हिशेब वडिलांना समजावून सांगायला लावलं. वडील ऐकत उभे राहिले. जाताना म्हणाले, “ते ठीक हाय. पन इंग्रजीचं पाहा.”

माझी पाळी शेवटी आली. ऐंशीच्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली साबणाची कर्जप्रकरणं माझ्या टेबलावर येत. त्यांतला नफ्याचा तक्ता बहुधा एकमेकांवरून उतरवलेला असे, आणि त्यात एक गोष्ट कधीच नसे. साबण महिनाभर फळीवर पडून असतो, म्हणजे तेलात घातलेला पैसाही महिनाभर फळीवर वाळत असतो. तोवर पुढच्या तेलाला पैसा कुठून आणायचा? कित्येक साबण-उद्योग याच महिन्यानं बुडवले. मुलांना मी हे चौदा वड्यांवर करून दाखवलं. तेल, सोडा, गोणपाट, सरपण. मग विचारलं, तुमची मजुरी? त्यांनी ती धरलीच नव्हती. मजुरीशिवाय वडी दुकानातल्या साबणाच्या आसपास पडत होती. रोजगार हमीच्या दरानं दोघांचा एकेक दिवस धरला आणि वडीची किंमत कुठल्या कुठे गेली.

“मंग कंपनीवाल्याले कसं पुरते?” कोलाम आजीची नात विचारत होती. बँकेच्या मीटिंगांत मी याहून चांगला प्रश्न फारसा ऐकलेला नाही. मग सांगितलं. कंपनी टनांच्या हिशेबात तेल घेते, त्यातलं पुष्कळसं इंडोनेशिया-मलेशियातून जहाजानं येणारं पामतेल असतं. ग्लिसरीन वेगळं काढून विकते. महिनाभर वाळवत बसत नाही. अंगाला लावायचा साबण विकायचा तर परवानाही लागतो, तो आपल्याकडे नाही, हेही सांगितलं. विकायचा नाही असं मुलांनीच ठरवलं. दुपारच्या खिचडीआधी हात धुवायच्या नळावर साबण ठेवायचा. पहिल्या दिवशी एकानं हळदीच्या डागावर तो चोळला आणि डाग लाल झाला तेव्हा पुन्हा गडबड उडाली. खरा साबण क्षारधर्मी असतो, त्यानं हळद लाल होणारच, हे गुरुजींनी सांगितलं तेव्हा कुठे हात पुढे आले.

तेरा वड्या अशा संपल्या. चौदावी मुलांनी राखून ठेवली आहे. ती फळीवर असते आणि दर पंधरा दिवसांनी तिचं वजन करून वहीत लिहितात. कापली त्या दिवशी ती १०२ ग्रॅम होती. मी शेवटचा गेलो तेव्हा ८८ वर आली होती, आणि ती अशीच शून्यावर जाईल की मधेच थांबेल, यावर वर्गात दोन तट पडले होते.